टर्बोची हौस, रबराची निगा

२०१४ साली पुण्यात मी २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली, तेव्हा जुन्या बाजारात या गाडीला फारसा भाव उरला नव्हता. कंपनी चेक, पण आपल्याकडची ऑक्टाव्हिया औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जाई. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, ताकद १५० पीएस. युरोपातल्या आरएसला १८० मिळाली होती. पण खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो जोर धरतो, तेव्हा त्या तिसांची आठवणही होत नाही.

टर्बो भयंकर तापतो आणि त्याचं जगणं तेलावर असतं. तेल वेळेवर बदललं नाही, की ते करपून तळाशी साचतं. म्हणून गाडी आल्या आल्या ऑइल पॅन उतरवायला लावला. मिस्त्रींनी ऑइल पंपाच्या नळीची जाळी काढून माझ्या हातावर ठेवली. निम्मी भोकं डांबरासारख्या काळ्या थरानं बुजलेली! डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा तोवर एकदाही लागला नव्हता. जाळी बदलली आणि तेव्हापासून कृत्रिम तेलात कधीही काटकसर केली नाही.

टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकदमच बदलले, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड कामातून जातं. इग्निशन कॉइल अधूनमधून जातात. एक जादा डिकीत असते.

पुढच्या वर्षांत खरी कसोटी रबरानं पाहिली. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या कडक होऊन तडकतात, हवा चोरून आत शिरते आणि गाडी उभ्या जागी थरथरते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. या गाडीची इंधननळी त्यासाठी घडवलेलीच नाही, म्हणून तीही बदलून घेतली.

पासिंगही महागलं. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. इतकं करूनही ही गाडी मला विकावीशी वाटत नाही. आजच्या गाड्यांत स्टिअरिंगमधून रस्ता हाताला असा क्वचितच कळतो.

अशी गाडी घेणार असाल, तर मीटरवरचे किलोमीटर बाजूला ठेवा आणि तेल बदलल्याची बिलं मागा. बिलं नसतील, तर गाडी कितीही मनात भरो, घेऊ नका.