ट्रॅक्टरच्या इंजिनाला योग्य तेल कोणते?

बैलजोडीची जागा पुष्कळ गावांत आता ट्रॅक्टरने घेतली आहे. बैलाला केव्हा काय खाऊ घालावे, हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही; परंतु इंजिनात कोणते तेल घालावे, याचा निर्णय मात्र अनेकदा डब्याच्या किमतीवर किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर होतो. अयोग्य तेलाने इंजिन ऐन पेरणीत जाम झाल्यास दुरुस्तीचा खर्च तर येतोच. पण हातचा वापसा निघून जातो, हे नुकसान त्याहून मोठे होय.

तेलाचे कार्य

तेल केवळ घर्षण कमी करते असे नाही. ते दट्ट्या व बेअरिंग यांची उष्णता वाहून नेते, दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर यांमधील बारीक फट भरून काढते आणि आम्लापासून धातूचे रक्षण करते. डिझेल जळताना होणारी काजळीही ते आपल्यात धरून ठेवते. म्हणूनच डिझेल इंजिनातील नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. केवळ रंगावरून तेल खराब झाले असे समजू नये.

डब्यावरील दोन खुणा

पहिली खूण दाटपणाची. ‘एस.ए.ई. १५ डब्ल्यू-४०’ यातील ‘१५ डब्ल्यू’ हा भाग थंडीतील प्रवाहीपणा दर्शवितो, तर ‘४०’ हा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानास तेल किती दाट राहते ते सांगतो. तेल जितके दाट तितके चांगले, ही समजूत चुकीची आहे. फार दाट तेल इंजिन सुरू होताना वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते. फार पातळ तेलाचा थर भाराखाली तुटतो व धातूवर धातू घासतो.

दुसरी खूण प्रतीची. ‘ए.पी.आय.’ या अक्षरांपुढे ‘सी’ असल्यास तेल डिझेल इंजिनाचे व ‘एस’ असल्यास पेट्रोल इंजिनाचे समजावे. ‘सी’नंतरचे अक्षर जितके पुढचे, तितकी प्रत नवी. सी.एफ.-४ ही प्रत १९९० मधील, सी.एच.-४ ही १९९८ मधील, तर सी.आय.-४ ही २००२ मधील आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेत सी.एच.-४ सांगितले असेल, तर सी.आय.-४ सामान्यतः चालते, सी.एफ.-४ घालू नये.

५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले आहेत. ज्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आहे, त्यांना कमी राख होणारे तेल लागते. तेथे जुन्या प्रतीचे तेल वापरल्यास गाळणी राखेने लवकर भरते.

एकाचे तेल दुसऱ्यास नको

बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. त्यासाठी ‘जे.ए.एस.ओ. एम.ए.’ खुणेचे तेल लागते; अन्य तेलाने क्लच घसरण्याचा संभव असतो. म्हणून घरात एकच डबा ठेवून तो सर्व यंत्रांना वापरू नये. ट्रॅक्टरच्या गिअरपेटीचे व हायड्रॉलिकचे तेलही निराळे असते.

तपासणी व बदल

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे व मापकाडी पुसून पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या दरम्यान असावी.

२. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. पातळी वाढून डिझेलचा वास येत असल्यास डिझेल मिसळत आहे. दोन्ही वेळी इंजिन चालवू नये; कारागिरास दाखवावे.

३. तेल पुस्तिकेत दिलेल्या तासांप्रमाणेच बदलावे व त्याबरोबर तेलाची गाळणीही बदलावी. धुळीत काम होत असल्यास हवेच्या गाळणीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आत गेलेली धूळ तेलास कानशीसारखी करून सोडते.

४. सीलबंद डबाच घ्यावा व पावती मागावी. काढलेले तेल जमिनीवर किंवा विहिरीजवळ ओतू नये; ते साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वी ट्रॅक्टरधारकांना पुस्तिकेसह एकत्र बोलवावे आणि प्रत्येकाच्या तेलाची खूण व बदलाचे तास पाहून ते तेलाच्या झाकणाजवळ रंगाने लिहून द्यावेत. ही नोंद शेतकऱ्याबरोबर चालकाच्याही डोळ्यांपुढे सदैव राहील.