फळीखालची रेल्वे

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये दुसरं महायुद्ध संपल्यावर लवकरच काही विद्यार्थ्यांनी ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ सुरू केला. रडारच्या संशोधनासाठी युद्धकाळात घाईने उभारलेल्या ‘बिल्डिंग २०’ या लाकडी इमारतीत त्यांना जागा मिळाली. लवकरच सभासदांचे दोन गट पडले. एका गटाला डबे रंगवायचे होते, डोंगर आणि स्टेशनं उभारायची होती. दुसरा गट रूळ मांडलेल्या फळीच्या खाली शिरला. त्याचं नाव ‘सिग्नल्स अँड पॉवर’ उपसमिती. टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणि क्रॉसबार स्विच जोडून या मुलांनी अशी यंत्रणा रचली, की एकाच लेआउटवर अनेकांना एका वेळी आपापली गाडी हाकता यावी. यातलेच काही जण पुढे टीएक्स-० आणि पीडीपी-१ या संगणकांकडे वळले. १९६२ सालचा ‘स्पेसवॉर!’ हा संगणकीय खेळ घडवणाऱ्यांत पुढे असलेला स्टीव्ह रसेल याच क्लबचा.

मॉडेल रेल्वे म्हटलं की छायाचित्रं वरच्या बाजूची निघतात. पण घरी लेआउट बांधणाऱ्याचे शनिवार-रविवार मोजले, तर त्यातले कितीतरी फळीखाली पाठीवर पडून गेलेले असतात. या छंदाची खरी विद्या तिथे आहे, असं माझं मत आहे. घरच्यांना मात्र महिनाभर काहीच ‘दिसत’ नाही.

सर्वांत जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. बहुतेक जगाचा १४३५ मिमीचा रूळमार्ग या प्रमाणात साडेसोळा मिलिमीटरचा होतो. एवढ्या अरुंद वाटेवर चाकं घसरू नयेत, म्हणून खालचा सांगाडा पक्का हवा. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी त्यासाठी एल-गर्डरची रीत रूढ केली. दोन लाकडी पट्ट्या काटकोनात जोडून तुळई करायची, तिच्यावर आडव्या पट्ट्या टाकायच्या आणि सगळे स्क्रू खालून मारायचे. वर डोंगर चढला, रूळ बसले, खडी चिकटली, तरी नको असलेली पट्टी खालून सोडवून सरकवता येते. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. ज्याला आठवड्यातून दोनच दिवस मिळतात, त्याचा आराखडा वर्षानुवर्षं बदलत राहणार, हे वेस्टकॉट यांनी धरूनच ठेवलं होतं.

सांगाड्यावर प्लायवूड, त्यावर कॉर्कची पट्टी, त्यावर रूळ. इथपर्यंतचं काम हौसेनं होतं. मग वायरिंग येतं.

हे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी आहे, धातूत नाही; तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. त्याच्यावर साचणारा थर वीज फारशी अडवत नाही म्हणून तो रुळांसाठी चांगला, पण तांब्याच्या मानाने त्याचा विद्युतरोध कितीतरी पट जास्त. शिवाय दोन रुळांना जोडणाऱ्या पत्र्याच्या चिमट्या काही वर्षांत सैल पडतात, काळ्या होतात. एका टोकाला वीज दिली, तर गाडी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत रडतखडत चालते. उपाय जुनाच आहे. फळीखालून दोन जाड तारांची जोडी लेआउटभर फिरवायची, साधारण दोन चौरस मिलिमीटरची. ही बस. तिच्यातून दर तीन फुटांच्या आसपास बारीक तारांच्या जोड्या वर काढून प्रत्येक रुळाच्या तुकड्याला सोल्डर करायच्या. रुळाला डाग देताना हात चपळ हवा, नाहीतर प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. खालच्या जोडांचं सोल्डरिंग डोक्याच्या वर होतं. तिथे तप्त थेंब खाली पडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. दोन्ही रुळांच्या तारांना दोन रंग ठरवून घ्यायचे आणि शेवटपर्यंत पाळायचे.

काम नीट झालं का, हे बघायची कसोटी साधी आहे. लेआउटवर जागोजागी दोन रुळांवर एक नाणं आडवं ठेवायचं. लगेच वीज तुटली, तर वायरिंग चांगलं. न तुटली, तर तारा बारीक आहेत किंवा जोड कच्चा आहे. पंधरा व्होल्टला पाच अँपिअर म्हणजे पंचाहत्तर वॉट. एखादा डबा घसरून शॉर्ट झाला आणि वीज चालूच राहिली, तर तेवढी उष्णता प्लास्टिकच्या बोगीचा आकार बिघडवायला पुरते.

जुन्या पद्धतीत रुळाला जेवढा व्होल्टेज, तेवढा इंजिनाचा वेग. त्यामुळे एका रुळावरची दोन इंजिनं एकदमच धावायची. म्हणून मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र स्विच देत, आणि गाडी पुढे सरकली की माणूस स्विच फिरवत बसे. जर्मन अभियंता बेर्न्ड लेंझ यांच्या कामावर आधारलेलं डीसीसीचं, म्हणजे ‘डिजिटल कमांड कंट्रोल’चं, मानक अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात स्वीकारलं आणि हे बदललं. आता रुळांत वीज सदैव पूर्ण असते आणि तिच्यातूनच आज्ञा जातात. स्पंदनाचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो १, शंभराच्या आसपास असेल तर ०. इंजिनातला डिकोडर आपला पत्ता ऐकून तेवढंच पाळतो. नव्या डिकोडरचा पत्ता कारखान्यातून ३ असा येतो, म्हणून नव्या इंजिनाला नंबर द्यायला विसरलात की दोन गाड्या एकाच आज्ञेवर निघतात.

डीसीसीनेही एक अडचण सुटत नाही. गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट तोंडाने परतली, की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून मधला भाग वेगळा करावा लागतो आणि त्याची ध्रुवता आपोआप पलटणारं यंत्र लावावं लागतं.

इथे मला आपला भोर घाट आठवतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६३ साली घाट खुला केला, तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका टोकाने आत येई आणि उलट दिशेने दुसऱ्या मार्गावर चढू लागे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस नव्या बोगद्यांनी ते संपवलं. पण छोट्या खोलीत घाट करायचा, तर ही रचना उत्तम. वळशाला लागणारी गोलाईची जागा वाचते आणि डावा रूळ डावाच राहतो, त्यामुळे ध्रुवता पलटणारं यंत्र लागत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली खुल्या केलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात मुलांच्या मागे उभ्या राहिलेल्या अनेक मोठ्यांच्या मनात असा एखादा घाट घर करून असेल.

हिशोब करून बघावा. घाटाचा सर्वांत तीव्र चढ १:३७. एका मार्गावरून दुसरा न्यायला एचओत साधारण ७५ मिमी उंची लागते, म्हणजे पावणेतीन मीटरहून थोडी जास्त लांबी. दहा फुटी खोलीची जवळजवळ एक भिंत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, १:८७त तो एकोणीस मिमीच्या वर जातो. तयार रूळ साडेसोळाचेच मिळतात, तेव्हा एक तर ती अरुंद वाट मान्य करायची किंवा रूळ हाताने ठोकायचे. रिव्हर्सिंग स्टेशनच्या सांध्यात, जिथे आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो व्ही आकाराचा धातूचा तुकडा सांधा कुठे वळला आहे त्याप्रमाणे कधी एका रुळाची वीज घेतो, कधी दुसऱ्याची. म्हणून त्या सांध्याखाली तीन तारा लागतात: दोन बाहेरच्या रुळांना आणि तिसरी त्या तुकड्याला, सांधा फिरवणाऱ्या मोटरच्या स्विचमधून आलेली.