संगणकाच्या अंतरंगात : शेजारच्या रांगेचा धक्का

मागच्या लेखात आपण कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी, पाहिली. हवी ती माहिती कॅशमध्ये नसेल, तर प्रोसेसर मुख्य मेमरीकडे, म्हणजे डीरॅमकडे धाव घेतो. तिथे जे लिहिले तेच परत वाचायला मिळणार, या भरवशावर सगळा कारभार चालतो. 2014 साली त्या भरवशालाच तडा गेला.

डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार. हा भार सतत गळतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांनी प्रत्येक रांग पुन्हा भरून घ्यावी लागते. शिवाय एकटादुकटा बिट वाचता येत नाही; त्यासाठी अख्खी रांग उघडावी लागते. सगळी मेख इथेच आहे. चिप दाट होत गेल्या तशा रांगा एकमेकींना खेटल्या. आता एकाच रांगेची भराभर उघडझाप केली, तर शेजारच्या रांगेतला भार जास्त वेगाने गळतो आणि भरण्याची पाळी येण्याआधीच बिट उलटतो. ज्या पत्त्याला कुणी हातही लावला नाही, तिथली माहिती बदलते!

कार्नेगी मेलन विद्यापीठातील युनगू किम, ओनुर मुत्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीडीआर3 या डीरॅमच्या पिढीचे 129 मॉड्यूल तपासले. त्यांपैकी 110 मध्ये हा दोष निघाला. 2012 आणि 2013 मध्ये बनलेले तर झाडून सगळे सदोष. सर्वांत कमकुवत मॉड्यूलमध्ये 1 लाख 39 हजार वेळा रांग उघडणे पुरेसे ठरले, आणि 64 मिलिसेकंदांत तेवढे सहज साधते. त्यासाठीचा प्रोग्रॅम मोजक्याच सूचनांचा : दोन पत्ते वाचा, दोन्ही कॅशमधून हुसकवा, पुन्हा वाचा. पुढच्याच वर्षी गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा संशोधन गटाने याच युक्तीने लिनक्सच्या कर्नेलचे अधिकार मिळवून दाखवले. विश्वासार्हतेतली उणीव थेट सुरक्षेवर आली.

उपाय किम, मुत्लू आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातच होता. रांग बंद होताना अगदी अल्प संभाव्यतेने शेजारची रांगही भरून घ्यायची. मोजदाद नको, जादा साठवणही नको. मला हा उपाय फार देखणा वाटतो, कारण त्याचे गणित कुणालाही पडताळता येते. उत्पादकांनी मात्र डीडीआर4 मध्ये टीआरआर नावाचे संरक्षण घातले आणि त्याचा तपशील गुलदस्त्यात ठेवला. 2020 मध्ये ॲमस्टरडॅम आणि झुरिकच्या संशोधकांनी ते उलगडले. हे संरक्षण मोजक्याच रांगांवर नजर ठेवते. एकाच वेळी अनेक रांगांवर मारा केला की ते अपुरे पडते.

2024 मध्ये डीडीआर5 च्या मानकात प्रत्येक रांगेची उघडझाप मोजण्याची सोय आली. दहा वर्षे लागली त्याला. हे मानक प्रकाशित झालेले आहे, तसाच प्रत्येक चिपमधल्या संरक्षणाचा तपशीलही उत्पादकांनी खुला करावा. बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही, अशा संरक्षणावर ग्राहकाने विसंबू नये.