नौकेमागची लाट

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या पूर्व किनारी मार्गावर सुमारे ३६ किलोमीटरवर मुट्टुकाडूची खाडी लागते. तामिळनाडू पर्यटन विकास महामंडळाने १९८४ साली येथे नौकाविहार केंद्र सुरू केले. या उथळ पाण्यात वल्ह्यांच्या होड्या, पायांनी चालवावयाच्या नौका आणि वेगवान यांत्रिक नौका एकाच वेळी विहरताना दिसतात. अशा ठिकाणी टक्कर टळली म्हणजे धोका टळला, असे मानणे चुकीचे ठरेल; कारण नौका पुढे निघून गेली, तरी तिने उठविलेली लाट मागे उरते.

लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातील ऊर्जा चौपट होते. ही ऊर्जा अखेर कोठेतरी खर्ची पडावयाची असते. लहान होडी तिने हेलकावते, काठाची माती सुटते आणि उथळ जागी तळाचा गाळ ढवळून वर येतो.

वेग कमी केला की लाट लहान होते, हा समजही सर्वस्वी खरा नव्हे. वेकसर्फिंग या खेळात नौकेतील टाक्यांमध्ये मुद्दाम पाणी भरून तिचा मागील भाग खोल बुडवितात आणि ती ताशी अवघ्या १६ ते १८ किलोमीटर वेगाने हाकतात. तिच्यामागे उठणाऱ्या उंच लाटेवर खेळाडू फळी घेऊन स्वार होतो. म्हणूनच अमेरिकेतील व्हर्माँट राज्याने २०२४ साली तेथील तलावांवर या खेळासाठी नियम घातले. काठापासून निदान ५०० फूट अंतर, २० फूट खोली आणि असे सलग ५० एकर पाणी असेल, तेथेच हा खेळ खेळता येतो.

भारतात १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने घेतली. यांत्रिक नौकेची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकाची पात्रता यांविषयीच्या तरतुदी त्यात असून त्यांची अंमलबजावणी मुख्यत्वे राज्य शासनांकडे आहे. ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे क्षमतेहून अधिक प्रवासी घेतलेली नौका उलटून २२ जणांचा बळी गेला. अशा तरतुदी म्हणजे निव्वळ कागदी सोपस्कार नव्हेत, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

तथापि प्रमाणपत्र केवळ नौकेची पात्रता सांगते; तिची लाट केवढी उठेल, हे चालक, वेग, भार आणि पाण्याची खोली यांवर ठरते. म्हणून मुट्टुकाडूसारख्या खाडीत नियमाची खरी कसोटी यांत्रिक नौकेत नव्हे, तर तिच्या शेजारून जाणाऱ्या वल्ह्यांच्या होडीत लागते.