चॉकलेटच्या गावातील अस्वले

क्रीडाविषयक लेखनात मान मिळतो तो पहिल्या पायरीवरच्या संघांना. दुसऱ्या पायरीवर खेळणाऱ्यांची नावे गावाची वेस ओलांडून सहसा बाहेर जात नाहीत. तरीही अशाच एका दुय्यम संघाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण तिच्यात खेळाइतकाच एका गावाचा, एका कारखान्याचा आणि एका अनाथांच्या शाळेचा इतिहास गुंतलेला आहे. हा संघ अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावचा. नाव ‘हर्शी बेअर्स’, म्हणजे हर्शीची अस्वले. आणि खेळ आइस हॉकीचा.

हा खेळ आपल्या बहुतेक वाचकांनी प्रत्यक्ष पाहिला नसेल, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गोठविलेल्या गुळगुळीत बर्फावर, पायांत पोलादी पात्यांचे जोडे चढवून, दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू वाकड्या काठ्यांनी रबराची एक टणक चकती प्रतिपक्षाच्या जाळ्यात धाडू पाहतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग इतका विलक्षण, की पूर्ण खेळ संपेपर्यंत एकच खेळाडू मैदानावर टिकू शकत नाही. मिनिटा-मिनिटाला माणसे बदलावी लागतात.

अमेरिका आणि कॅनडा मिळून या खेळाची एक उतरंड आहे. सर्वांत वर ‘नॅशनल हॉकी लीग’ आणि तिच्या लगेच खाली ‘अमेरिकन हॉकी लीग’. वरचा संघ खालच्या संघाशी करार करतो, आपले होतकरू खेळाडू तेथे पाठवितो आणि गरज पडेल तेव्हा परत बोलावून घेतो. खालच्या संघाचा उत्तम मोहरा ऐन हंगामात उचलला जातो, आणि गावाला त्याचे कौतुक करीतच निरोप द्यावा लागतो. अशा व्यवस्थेत खालचे संघ उगवतात, गाव बदलतात आणि मिटतात. हर्शीचा संघ मात्र १९३२ पासून त्याच गावात नांदत आहे. ज्या गावाला स्वतःची नगरपालिकाही नाही, ज्याची वस्ती आजही पंधरा हजारांच्या आतबाहेर आहे, त्या गावाला हे कसे साधले, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारणार आहोत.

मिल्टन हर्शी यांचे गाव

या प्रश्नाची सुरुवात मिल्टन हर्शी या गृहस्थांपासून होते. १८५७ साली जन्मलेल्या या माणसाचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांत त्यांचा मिठाईचा धंदा बुडाला. पुढे लँकेस्टर येथे कॅरमेलच्या वड्यांनी हात दिला, आणि १९०० साली तो कारखाना त्यांनी दहा लाख डॉलरला विकला. तेवढ्यावर स्वस्थ न बसता, दुधाचे चॉकलेट सामान्य माणसाच्या खिशाला परवडावे या जिद्दीने त्यांनी १९०३ मध्ये आपल्या जन्मभूमीच्या परिसरात नवा कारखाना उभारावयास घेतला. भोवती गाईंचे गोठे होते आणि दुधाला तोटा नव्हता. कारखान्याभोवती घरे आली, ट्राम आली, उद्यान आले. गावाला मालकाचेच नाव मिळाले.

हर्शी दांपत्याला मूलबाळ नव्हते. १९०९ साली त्यांनी अनाथ मुलांसाठी शाळा काढली आणि १९१८ मध्ये आपल्या संपत्तीचा बहुतांश भाग या शाळेच्या विश्वस्त निधीच्या स्वाधीन केला. या औदार्याला त्या काळाच्या मर्यादा होत्या, हेही सांगितले पाहिजे: शाळेचे दार आरंभी केवळ गोऱ्या मुलग्यांपुरते उघडे होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ते साठाच्या दशकाच्या अखेरीस आणि मुलींना १९७६ मध्ये खुले झाले.

१९३० नंतरच्या महामंदीत इतर उद्योगपती हात आखडते घेत असताना हर्शींनी बांधकामे काढली. मजुरी मिळावी आणि गावाला शोभाही यावी, असा दुहेरी हेतू होता. हॉटेल झाले, नाट्यगृह झाले, आणि १९ डिसेंबर १९३६ रोजी एक भव्य क्रीडागृह उघडले. अँटन टेडेस्को या अभियंत्याने त्याचे छप्पर काँक्रीटच्या पातळ कवचाचे केले होते. अंड्याच्या टरफलासारखी ती कमान सुमारे २२० फूट रुंदी ओलांडून जाते, आणि मध्ये एकही खांब नाही. सात हजारांहून अधिक खुर्च्या होत्या. गावातील आबालवृद्ध आणून बसविले असते तरी कित्येक रिकाम्याच राहिल्या असत्या.

नावाची गंमत

गावात हॉकी आली ती या क्रीडागृहाच्याही आधी. करमणुकीच्या विभागाचे व्यवस्थापक जॉन सोलेनबर्गर यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये एक प्रदर्शनीय सामना झाला. लोकांनी अशी गर्दी केली की दुसऱ्याच वर्षी गावाचा स्वतःचा संघ उभा राहिला. नाव ठेवले ‘बार्स’. इंग्रजीत चॉकलेटच्या वडीला ‘बार’ म्हणतात आणि अस्वलाला ‘बेअर’. दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसविण्याची ही युक्ती होती. पण न्यूयॉर्कच्या क्रीडालेखकांना ती रुचली नाही. हा संघ की फिरती जाहिरात, अशी टीका झाली, आणि १९३६ मध्ये चॉकलेट मागे पडून निखळ अस्वल उरले. १९३८ मध्ये संघ त्या साखळीत दाखल झाला, जी पुढे ‘अमेरिकन हॉकी लीग’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

या सुखी गावाचे चित्र एकरंगी नव्हते. १९३७ च्या एप्रिलमध्ये कामगारांनी कारखान्यात ठाण मांडून संप केला. दूध पडून राहू लागले तसे भोवतालचे गवळी-शेतकरी खवळले, आणि त्यांनी संपाला विरोध असलेल्या कामगारांसह आत घुसून संपकऱ्यांना मारहाण करीत बाहेर काढले. एकाच धन्याच्या छत्राखाली सर्व सुरळीत चालते, हा समज त्या दिवशी तडकला. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन हर्शी निवर्तले. या साखळीचा मानाचा कॅल्डर चषक त्यांच्या संघाने पहिल्यांदा जिंकला तो १९४७ मध्ये. धन्याला तो पाहावयास मिळाला नाही.

राजाश्रयावर पोसलेल्या संघांचे राजाश्रय संपल्यावर काय होते, हे आपल्या संस्थानी शहरांत वाढलेल्या वाचकांना समजावून सांगावयास नको. हर्शीच्या बाबतीत धनी गेला, पण व्यवस्था मागे राहिली. आजही हा संघ शाळेच्या विश्वस्त निधीच्या मालकीच्या कंपनीकडे आहे. तिच्या नफ्याचा धनी अखेर कोणी शेठ नसून ती शाळा आहे.

थांबलेली माणसे

१९५६ मध्ये फ्रँक मॅथर्स हा बचावपटू खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने हर्शीला आला. वरच्या साखळीत त्याच्या वाट्याला अवघे २३ सामने आले होते. त्या वेळी वरच्या साखळीत संघच सहा होते. शंभर-सव्वाशे जागा, आणि त्यांसाठी साऱ्या कॅनडातून येणारे खेळाडू. त्यामुळे पहिल्या प्रतीची माणसे दुसऱ्या पायरीवर आयुष्य काढीत. मॅथर्सने त्या पायरीलाच घर मानले. १९७३ पर्यंत प्रशिक्षक आणि त्यानंतर १९९१ पर्यंत संघाचा कारभारी म्हणून तो तेथेच राहिला. त्याच्या कारकिर्दीत १९५८, १९५९, १९६९, १९७४, १९८० आणि १९८८ असे सहा चषक गावात आले. १९८८ च्या संघाने तर बाद फेरीतील बाराच्या बारा सामने ओळीने जिंकले. १९९२ मध्ये हॉकीच्या मानकऱ्यांच्या दालनात मॅथर्सचे नाव कोरले गेले.

त्याच्याच संघात विली मार्शल होता. या साखळीत त्याने एकूण ५२३ गोल केले. तो विक्रम आजही अबाधित आहे. वरच्या साखळीत त्याला मिळालेले सामने मात्र ३३. ज्याला जग अपयश म्हणेल, त्याच आकड्यांवर हर्शीच्या प्रेक्षकांनी प्रेम केले.

बाकीच्यांचे काय झाले? १९६७ मध्ये वरच्या साखळीने सहाचे बारा संघ केले. पिट्सबर्ग शहराला वरचा संघ मिळाला आणि तेथील जुना ‘हॉर्नेट्स’ संघ बंद झाला. त्याच हंगामात त्याने कॅल्डर चषक जिंकला होता. १९७० मध्ये बफेलोच्या जुन्या संघाची हीच गत झाली: चषक जिंकला आणि दुकान मिटले. क्लीव्हलंडच्या ‘बॅरन्स’नी नऊ चषक मिळविले होते, १९७३ मध्ये, हंगाम चालू असतानाच, तो संघ जॅक्सनव्हिलला हलविला गेला आणि १९७४ मध्ये संपला. मोठ्या शहरांना मोठे संघ खुणावीत होते. हर्शीला वरचा संघ कधीच मिळणार नव्हता, म्हणून तेथे दुसऱ्या संघाला कोणी दुय्यम लेखले नाही. करार बदलत राहिले; बोस्टन, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, कोलोरॅडो, वॉशिंग्टन असे निरनिराळे वरचे संघ आले. खेळाडू त्यांचे असत. संघ आणि खुर्च्या गावाच्या.

एका छपराखाली

त्या काँक्रीटच्या छपराने हॉकीखेरीज आणखी पुष्कळ पाहिले. २ मार्च १९६२ रोजी विल्ट चेंबरलेन या बास्केटबॉलपटूने तेथेच एका सामन्यात शंभर गुण केले. हजर प्रेक्षक ४,१२४ होते, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही.

१९७९ च्या मार्चमध्ये मात्र निराळाच प्रसंग आला. २८ तारखेला, हर्शीपासून सुमारे दहा मैलांवरील थ्री माइल आयलंड या अणुवीजकेंद्रात अपघात झाला. दोन दिवसांनी राज्यपालांनी केंद्राच्या पाच मैलांच्या परिसरातील गर्भवती स्त्रिया आणि शाळेत न जाणारी लहान मुले यांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला. त्यांतील कित्येकांनी आश्रय घेतला तो याच क्रीडागृहात. जेथे एरवी आरोळ्या घुमत, तेथे खाटा मांडल्या गेल्या आणि आया पोरांना निजवू लागल्या. अडचणीच्या वेळी गावाला आठवली ती नेहमीची जागा.

विक्रीचे संकट

गावाच्या निष्ठेची खरी परीक्षा २००२ मध्ये झाली. शाळेच्या विश्वस्तांनी चॉकलेट कंपनीतील आपला वाटा विकावयास काढला. सारा पैसा एकाच उद्योगात अडकवू नये, हा त्यांचा युक्तिवाद व्यवहाराला धरून होता. रिग्ली कंपनीने साडेबारा अब्ज डॉलरची बोली लावली. पण गाव उठले. कामगार, शाळेचे माजी विद्यार्थी, दुकानदार असे सारे रस्त्यावर आले. प्रकरण न्यायालयात गेले आणि सप्टेंबरमध्ये विश्वस्तांनी विक्री रद्द केली. हॉकीसंघ या विक्रीत नव्हता. तरी ज्या मुळावर संघ, शाळा आणि गाव उभे, तेच उपटले जाते की काय, ही भीती होती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये संघ जुने क्रीडागृह सोडून ‘जायंट सेंटर’ या नव्या वास्तूत खेळू लागला. जुनी वास्तू शेजारीच उभी आहे.

त्यानंतरचा काळ भरभराटीचा गेला. १९९७ मध्ये आठवा चषक आला होता. २००६, २००९ आणि २०१० मध्ये आणखी तीन आले. २०२३ च्या अंतिम फेरीत सातवा सामना कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील संघाच्या घरी, जादा वेळेत जिंकून बाराव्याची भर पडली, आणि २०२४ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवून तेरावा. इतके चषक या साखळीत दुसऱ्या कोणाकडेही नाहीत.

आमच्या मते या गावाची ओळख चषकांहून एका वार्षिक प्रथेत अधिक पटते. ठरलेल्या सामन्यात हर्शीचा पहिला गोल झाला, की प्रेक्षक सोबत आणलेली कापडी अस्वले आणि खेळणी बर्फावर फेकतात. खेळ थांबतो, खेळाडू स्वतः ती गोळा करू लागतात आणि नंतर ती गरजू मुलांना वाटली जातात. ही प्रथा निघाली कॅनडात, वाढली हर्शीत. ५ जानेवारी २०२५ रोजी बर्फावर पडलेल्या खेळण्यांची संख्या भरली १,०२,३४३. क्रीडागृहाची क्षमता साडेदहा हजारांची. म्हणजे माणशी सरासरी नऊ-दहा खेळणी.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. चॉकलेटच्या पैशावाचून हा संघ जन्मला नसता, हे उघड आहे. पण पैसा क्लीव्हलंडातही होता, बफेलोतही होता. हर्शीत तो पैसा एका शाळेला बांधलेला राहिला, म्हणून संघ कोणाच्या लहरीवर विकला गेला नाही. आणि प्रेक्षकांनी, उद्या निघून जाणाऱ्या खेळाडूंवरही आजच्या दिवसापुरते मन लावण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. मुलगी सासरी जाणार म्हणून कोणी तिचे लाड करावयाचे ठेवीत नाही. हर्शीचे लोक आपल्या खेळाडूंकडे त्याच दृष्टीने पाहत आले आहेत, आणि म्हणून जे वर जातात तेही या गावाचे नाव विसरत नाहीत.