मळ्यावरचा कारवानी कुत्रा

सभासद बंधूंनो, ऊसनोंदीसाठी लोणी काळभोरच्या शिवारात फिरताना आम्हाला मळ्यांवर उंच, सडपातळ, पोट आत गेलेले कुत्रे साखळीला दिसतात. "साहेब, कारवानी आहे," मालक कौतुकाने सांगतो. म्हणून हे चार शब्द.

हीच जात कर्नाटकात 'मुधोळ' नावाने ओळखतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघाले.

हा कुत्रा नजरेने शिकार करणारा. ससा दिसला की सुटलाच, मग मालकाच्या हाकेला दाद देत नाही. आपल्याकडे पुणे-सोलापूर रस्ता उशाला, तेव्हा त्याला कुंपणाच्या आतच मोकळे सोडावे. सशामागे मुद्दाम सोडणे हा तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. पण दिवसभर साखळीला ठेवाल तर तो चिडका होतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला धरतो. ऊन चढायच्या आत आणि सांजच्याला अर्धा-पाऊण तास पळवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो. भर दुपारी पळवलेला कुत्रा उष्माघाताने दगावतो.

थोड्या बरगड्या दिसणे हा या जातीचा बांधाच आहे. कुत्रा वाळला म्हणून त्याला लठ्ठ करू नका. नुसत्या भाकरीवर मात्र भागत नाही. अंडी, मांस द्यावे. शिजवलेली हाडे नकोत. अंगावर चरबी कमी, म्हणून थंडीत पोते अंथरावे.

आता आमच्या खात्याचा विषय. उसात उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवता. ते कुत्र्याने खाल्ले तर वाचणे कठीण. आमिष बिळाच्या आत घालून तोंड बुजवा, उरलेले सकाळी गोळा करून पुरा आणि तेवढे दिवस कुत्रा बांधूनच ठेवा.

बिबट्या उसात दडतो आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. जुन्नर, शिरूरकडच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. राखणीसाठी म्हणून रात्री कुत्रा ओट्यावर बांधणे म्हणजे बिबट्याला घरी बोलावणे, आणि ओट्यावर पोरंबाळंही झोपतात! रात्री कुत्रा दार लागणाऱ्या बंद खोलीतच हवा.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी. कोणाला चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना भरू नये. एकदा लक्षणे दिसली की माणूस हाती लागत नाही.