साखरणे, पिकणे आणि स्फटिक होणे

'मध साखरला' असे आपण घरात सहज म्हणतो. मिठागरात मीठ 'पिकते'. पाठ्यपुस्तकात मात्र दोन्हींना एकच भारदस्त शब्द आहे: स्फटिकीभवन. म्हणजे द्रावणात सैरावैरा फिरणारे रेणू किंवा आयन एका ठरावीक क्रमाने शेजारी शेजारी रचले जाणे.

इंग्रजीत या क्रियेला 'क्रिस्टलाइझ' म्हणतात. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ बर्फ. गारगोटीच्या जातीचा पारदर्शक स्फटिक म्हणजे कायमचे गोठलेले बर्फच, असा प्राचीन काळी समज होता. विस्कळीत विचारांना निश्चित रूप आले, की इंग्रजीत तेही 'क्रिस्टलाइझ' होतात. आपण म्हणतो, 'कल्पना आकाराला आली.'

मराठीत 'स्फटिक' म्हटले की आधी आठवते ती स्वच्छता. 'स्फटिकासारखे पाणी' ही उपमा सुंदर असली तरी वर्गात ती चकवते. पारदर्शक ते स्फटिक, असे मुले धरून चालतात. मग काच? ती पारदर्शक आहे, पण तिच्यातील अणूंची रचना दूरवर क्रमबद्ध नसते. म्हणून ती स्फटिक नव्हे. उलट लोखंडाचा खिळा अपारदर्शक असूनही असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो. स्फटिकाची खूण पारदर्शकता नसून आतील क्रम ही आहे. 1912 साली माक्स फॉन लाउए व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हा क्रम दाखवून दिला.

लाक्षणिक अर्थ खरा उमगतो तो पुढील प्रयोगात. स्वच्छ परीक्षानळीत हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे घेऊन गरम पाण्यात धरा. सुमारे 48 अंश सेल्सियसला ते वितळतात. नळीच्या तोंडाशी कापूस लावून ती न हलवता थंड होऊ द्या. द्रव बहुधा द्रवच राहतो. आता त्यात हायपोचा एकच कण टाका. बघता बघता सारा द्रव घट्ट होतो आणि नळी हाताला गरम लागते!

कणाने नवे काही दिले नाही. सामग्री नळीत होतीच. त्याने फक्त रचनेला सुरुवात करून दिली. विचारांचेही असेच असते. विद्यार्थ्याच्या मनात माहिती पुरेशी साठलेली असेल, तर शिक्षकाचा एक नेमका प्रश्न बीजाचे काम करतो. साठाच नसेल, तर मात्र बीजही विरघळून जाते.